जवळची शाळा मरू दिली की दूरची शाळा महाग होते!

जून महिना जवळ आला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर एकच चर्चा सुरू होते. पोराला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतच ठेवायचे, की पिवळ्या बसमध्ये बसवून बारामतीच्या इंग्रजी शाळेत पाठवायचे? जवळची शाळा फुकट आहे, पण तिथे काही शिकवतील की नाही याची खात्री नाही. दूरच्या शाळेला बूट, टाय आणि फाडफाड इंग्रजी आहे, पण तिची फी भरायची तर घरातली शेळी विकावी लागते. बौद्धवाड्यात, मातंग वस्तीवर, धनगरवाड्यावर, रामोशी आळीत आई-बाप रात्र रात्र याचा विचार करतात. प्रश्न त्यांच्या घरातला आहे असेच त्यांना वाटते, आणि राज्यकर्त्यांनाही त्यांना तसेच वाटू द्यायचे असते. आम्ही म्हणतो, हा प्रश्न घरातला नाही. तो राज्यकारभारातला आहे!

बारामती हे नाव महाराष्ट्रात विकासाचा नमुना म्हणून घेतले जाते. १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय उभे राहिले. १९७२ साली शरद पवार यांनी विद्या प्रतिष्ठानची स्थापना केली. आज बालवाडीपासून इंजिनिअरिंगपर्यंतचे शिक्षण बारामती शहरात मिळते. हे वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या गावात शिक्षण येते तिथे अंधार कमी होतो. परंतु शहरातला हा उजेड वाडीपर्यंत किती पोहोचला, हे विचारण्याचा अधिकार आम्हाला आहे. त्याच बारामती तालुक्यात सुपे, मोरगाव, लोणी भापकर हा जिरायत पट्टा आहे, जिथे पिण्याच्या टँकरची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या. शेजारच्या इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेली आणि माळावर सरकलेली गावे आहेत. एका बाजूला कॅनॉलचा हिरवागार ऊस, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीचे साखर कारखाने; आणि दुसऱ्या बाजूला त्याच उसात खुरपणारी, तोडणारी, वाहणारी माणसे. पैसा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने चांगली शाळाही गेली. बारामती, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर अशा मोठ्या ठिकाणी इंग्रजी शाळांच्या पाट्या दिसतात. निमगाव केतकीच्या किंवा लासुर्ण्याच्या आसपासच्या वस्तीवरच्या मुलाला त्या पाट्या वाचायच्या तर आधी गाडीत बसावे लागते.

अंतर म्हणजेही फीच!

दूरच्या शाळेची फी विचारताना बहुतेक पालक फक्त शाळेच्या कार्यालयातला आकडा विचारतात. खरा आकडा त्याहून मोठा असतो. आपण एक साधा हिशेब मांडून पाहू. गृहीत धरू की शाळेची फी महिना १,५०० रुपये आहे आणि बसचे भाडे महिना १,००० रुपये. वाचकांनी आपापल्या गावाप्रमाणे हे आकडे कमी-जास्त करावेत. महिन्याला २,५०० म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये झाले. गणवेश, वह्या-पुस्तके, स्नेहसंमेलन, सहल यांचे वेगळेच. आता शेतात खुरपायला जाणाऱ्या आईची मजुरी दिवसाला ३०० रुपये धरली, तर एका मुलाच्या फक्त फी आणि बसभाड्यासाठी तिला १०० दिवस राबावे लागते. वर्षातले १०० दिवस ती बाई केवळ त्या शाळेसाठी उन्हात वाकते! खायचे कशाने, दवाखाना कशाने, दुसऱ्या लेकराचे काय?

आणि पैशाशिवायही अंतर काही घेऊन जाते. सकाळी लवकर निघालेले पोर दुपारी उशिरा परत येते. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दुहेरी ट्रॉल्यांमधून वाट काढत बस धावते. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर हा मार्ग आता रुंद महामार्ग होत आहे. विठ्ठलाच्या वाटेला सरकारने डांबर आणि सिमेंट दिले, त्याचे स्वागत. पण रस्ता मोठा झाला की वाहनांचा वेगही वाढतो, आणि सहा वर्षांचे पोर रस्ता ओलांडताना आईच्या काळजाचा ठोका चुकतो. दमून घरी आलेले मूल अभ्यास कधी करणार? घरात इंग्रजी कोणालाच येत नाही, मग गृहपाठ घेणार कोण? म्हणून शिकवणी लागते. म्हणजे आणखी एक फी!

सगळ्यात कडू गोष्ट पुढे आहे. घरात पैसे एकाचेच असतील तर बसमध्ये कोण बसतो? मुलगा! आणि मुलगी गावातल्या शाळेत राहते. आमच्याही समाजात हे घडते, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सावित्रीमाईंच्या जयंतीला हार घालणाऱ्या घरातही घडते. त्यामुळे गावातली शाळा जेव्हा कमकुवत होते तेव्हा सर्वांत आधी मुलीचे शिक्षण कमकुवत होते, आणि ती शाळा बंद पडते तेव्हा सर्वांत आधी मुलगी घरी बसते.

रामजींचा मुलगा कोणत्या शाळेत गेला?

कोणी म्हणेल, कष्ट करून मुलाला दूरच्या चांगल्या शाळेत घालणे यात वावगे काय? काहीच नाही! सातारा सोडून मुंबईला आलेल्या सुभेदार रामजींनी परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहून भीमरावांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. पुस्तकांसाठी पैसे नसले तर लेकीचे दागिने गहाण ठेवले. पेन्शनवरच्या त्या बापाने पोटाला चिमटा घेतला म्हणून या देशाला घटनाकार मिळाला. त्यामुळे आजचा जो बाप कर्ज काढून मुलाला बारामतीला पाठवतो, त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. तो रामजींच्याच वाटेने चालला आहे.

परंतु या इतिहासातली एक गोष्ट आपण विसरतो. एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा होती! बाबासाहेबांना मिळालेली चांगली शाळा कोणा शिक्षणसम्राटाच्या दुकानातली नव्हती, ती सरकारी तिजोरीतून चालणारी होती. पुढे महाविद्यालयात शिकताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, तीही एका राज्याच्या तिजोरीतलीच. बापाच्या त्यागाला सार्वजनिक पैशाचा आधार मिळाला तेव्हा भीमरावांचे बाबासाहेब झाले. आज बापाचा त्याग तेवढाच आहे, सार्वजनिक पैशाने मात्र हात वर केले आहेत.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षण खात्याच्या अनुदानावर बोलताना, जेवढे पैसे मोजाल तेवढेच शिक्षण हा हिशेब या खात्याला लावता येणार नाही, शिक्षण सर्वांच्या आवाक्यात आले पाहिजे, अशी भूमिका त्यांनी मांडली. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी जेमतेम १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात, हा आकडा त्यांनी सभागृहापुढे ठेवला होता. त्याआधी १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. या तिघांच्याही डोळ्यांसमोर एकच शाळा होती. गावातली, पायी जाता येईल अशी, सर्वांची.

तेव्हा जातीने दूर, आता फीने दूर

एक काळ असा होता की शाळा घराशेजारी होती आणि तरीही आमच्यासाठी ती कोसभर दूर होती. वर्गाबाहेर, पोत्यावर, पाण्याच्या माठापासून लांब बसावे लागे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, त्या कागदावर. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, कारण गावातल्या मुलाला पुढे शिकायचे तर शहरात राहायला जागा नव्हती. आमच्या इंदापूरच्या शेजारचेच सोलापूर ते! अमेरिकेतही कथा अशीच होती. कॅन्सास राज्यातील टोपेका शहरात लिंडा ब्राऊन या काळ्या मुलीच्या घराजवळ गोऱ्यांची शाळा होती, पण तिला दूरच्या काळ्यांच्या शाळेत बसने जावे लागे. तिच्या वडिलांनी इतर पालकांसोबत दावा लढवला आणि १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरवले.

आमच्या आई-बापांनी संघर्ष करून जवळच्या शाळेचे दार उघडले. अन् आम्ही आत गेलो तेव्हा काय दिसले? प्रस्थापितांची मुले मागच्या दाराने निघून गेली होती! गावचा बागायतदार, सोसायटीचा चेअरमन, ग्रामपंचायतीचा सरपंच, शाळेतला मास्तर, यांची मुले कोणत्या शाळेत जातात हे आपापल्या गावात कुणीही पाहावे. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती भूमिहीनांची, भटक्यांची, कारखान्यावर बाहेरून आलेल्या मजुरांची, आणि आमची मुले. ज्यांच्या शब्दाला पंचायत समितीत वजन आहे त्यांचे मूल त्या वर्गात नाही, म्हणून गळणाऱ्या छपराबद्दल कोणी फोन करत नाही. मास्तर आठवडाभर आला नाही तरी कोणी विचारत नाही. पूर्वी आम्हाला वर्गाबाहेर बसवत. आता आमच्यासाठी पूर्ण शाळाच बाहेर काढून ठेवली आहे!

अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवले होते. सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्या अधिकाऱ्यांची, लोकप्रतिनिधींची, न्यायाधीशांची मुलेही सरकारी प्राथमिक शाळेत गेली पाहिजेत, असा आदेश न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला दिला. त्याची अंमलबजावणी झाली नाही, हे सांगायला नको. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने परिसरातल्या सर्व मुलांना एकच शाळा असावी असे सुचवले होते. तेही कपाटात गेले.

कायद्याचा एक किलोमीटर

२००९ साली शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना मोफत द्याव्यात, असे त्यात सांगितले. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. आमच्या अनेक घरांतली मुले या वाटेने आत गेली, हे खरेच आहे. पण महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी एक अधिसूचना काढली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिथल्या खासगी शाळेला २५ टक्के जागा देण्याचे बंधन नाही! म्हणजे गरिबाचे मूल गरिबाच्या शाळेत, श्रीमंताचे श्रीमंताच्या. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना रद्द केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. हा मोठा विजय होता.

मात्र विजयाच्या आनंदात एक गोष्ट नजरेआड होते. २५ टक्क्यांच्या सोडतीत शाळेजवळ राहणाऱ्याला आधी संधी असते. प्रथम एक किलोमीटरच्या आतली मुले, मग एक ते तीन किलोमीटरमधली. त्यापलीकडच्यांचा नंबर लागलाच तर शेवटी. म्हणजे बारामती शहरात आमराईत राहणाऱ्या मुलाला हा कायदा काही देऊ शकतो. पण ज्या वस्तीपासून दहा किलोमीटरच्या आत खासगी शाळाच नाही, त्या वस्तीवरच्या मुलाला हा कायदा काय देणार? हा हक्क मुळात शहराचा आणि मोठ्या गावाचा आहे. वाडीवरच्या मुलाला त्याच कायद्याने दिलेला खरा हक्क वेगळाच आहे. तो म्हणजे परिसरातली चांगली सरकारी शाळा! कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे की प्राथमिक शाळेत ६० पर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक हवेत. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला जुंपू नये, असेही त्यात आहे. २५ टक्क्यांसाठी रांगा लागतात, पण या कलमांसाठी मोर्चा निघत नाही.

२५ टक्क्यांतून प्रवेश घेणाऱ्या पालकांनीही तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, बसचे भाडे शासन शाळेला देत असलेल्या शुल्काच्या परताव्यात धरलेले नसते. ते बहुधा तुमच्याच डोक्यावर येते. दोन, हा हक्क आठवीपर्यंतच आहे. नववीत गेले की पूर्ण फी, आणि तेव्हा मूल मराठी शाळेत परत येऊ शकत नाही, कारण आठ वर्षे ते इंग्रजीत शिकलेले असते. तीन, आठवीला होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण ही परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलाला ती देता येत नाही. म्हणजे दूरच्या शाळेची बस पकडताना ही शिष्यवृत्ती स्टँडवरच राहते!

पटसंख्येचा फास

आता सरकारची चाल पाहा. आधी शाळेत शिक्षक कमी करायचे. शिक्षक कमी झाले की पालक मुले काढतात. मुले काढली की पट कमी होतो. पट कमी झाला की शाळा परवडत नाही म्हणायचे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ साली तर वीसपर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळांची यादीच पुढे आली. त्यांत १,८५,४६७ मुले शिकत होती. या शाळांच्या जागी 'समूह शाळा' करण्याचा विचार सप्टेंबर २०२३ मध्ये मांडला गेला. त्यासाठी आदर्श म्हणून दाखवले ते नंदुरबारचे तोरणमाळ आणि आमच्याच पुणे जिल्ह्यातले पानशेत. मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या निर्णयाने सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील तर तिथे शिक्षकाचे पदच उरू दिले नाही. शिक्षक रस्त्यावर उतरले, सरकारने मागेपुढे केले; पण विचार गेलेला नाही.

समूह शाळेत प्रयोगशाळा असेल, मैदान असेल, विषयवार शिक्षक असतील, असे सांगतात. डोंगरात तुरळक वस्ती असेल तिथे याला काही अर्थ असू शकतो, हे आम्ही नाकारत नाही. पण मग बस सरकारची हवी, वेळेवर हवी, आणि ती वर्षानुवर्षे चालली पाहिजे. ज्या शासनाने १९९२ साली गरीब घरातल्या सावित्रीच्या लेकींना शाळेत यावे म्हणून रोज एक रुपया भत्ता जाहीर केला आणि पुढे दशके उलटली तरी तो रुपया रुपयाच ठेवला, त्या शासनाच्या बसवर आमच्या आयाबहिणींनी किती विश्वास ठेवायचा? बस बंद पडली तर बागायतदाराची मुलगी मोटारीने जाईल. मजुराची मुलगी घरी बसेल आणि पुढच्या हंगामात उसाच्या फडात दिसेल.

दुसरीकडे २०१२ सालच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने खासगी शाळा काढणे सोपे केले. एका हाताने सरकारी शाळा आवळायची आणि दुसऱ्या हाताने दुकानांना परवाने द्यायचे! ही दोन धोरणे वेगळी नाहीत. ज्या दिवशी गावातली शाळा बंद पडते त्या दिवशी दूरच्या शाळेला गिऱ्हाईक मिळते, आणि ज्याला दुसरा पर्याय नाही अशा गिऱ्हाईकाकडून कितीही वसूल करता येते. गावातली शाळा जिवंत असते तोवरच शहरातली फी थोडी तरी आवाक्यात राहते.

हे होऊ शकते!

कोणी म्हणेल, हे सगळे बोलायला ठीक आहे, पण सरकारी शाळा सुधारणार कशी? पुणे जिल्ह्यातच उत्तर आहे. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालकांनी रांगा लावल्या. खेड तालुक्यातील जालिंदरनगरची शाळा २०२२ च्या सुमारास जवळजवळ बंद पडण्याच्या स्थितीत होती. वर्गात तीनच मुले उरली होती. तीच शाळा २०२५ साली जगातील उत्कृष्ट शाळांच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचली आणि लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार तिने जिंकला. वीसचा निकष लावून या शाळेला २०२२ मध्येच टाळे ठोकले असते तर? तीन मुलांच्या शाळेत जगाला दाखवण्यासारखे काही होते, हे पटसंख्येच्या तक्त्यात दिसत नाही.

पण टाळ्या वाजवून गप्प बसणे आम्हाला मान्य नाही. या दोन्ही शाळांमागे दत्तात्रय वारे या एकाच शिक्षकाची धडपड आहे आणि त्यांच्या मागे उभे राहिलेले गावकरी आहेत. म्हणजे चांगली शाळा अजूनही एका माणसाच्या ध्यासावर अवलंबून आहे. त्याची बदली झाली की पुढे काय? बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शेकडो वस्त्यांना शेकडो असामान्य माणसे मिळणार नाहीत. त्यांना सामान्य शिक्षक मिळावेत, पण पुरेसे, प्रशिक्षित, नियमित येणारे, आणि ज्यांच्यावर गावाचे लक्ष आहे असे. राज्य असामान्य माणसांवर चालत नाही, ते नियमांवर आणि तरतुदींवर चालते. बाबासाहेबांनी घटना लिहिली ती याचसाठी.

इंग्रजीचाही बागुलबुवा करण्याचे कारण नाही. आम्हाला इंग्रजी हवी आहे, ती आमच्या मुक्तीची भाषा आहे असे मानणारे आम्ही आहोत. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. मोरे याच पुणे जिल्ह्याचे. तेव्हा अनेक विद्वानांनी नाके मुरडली. ज्यांची स्वतःची मुले इंग्रजी शाळेत होती त्यांनी सर्वांत जास्त! हाच निर्णय नीट राबवला, इंग्रजी शिकवता येणारा शिक्षक प्रत्येक शाळेत दिला, तर टायसाठी बारामतीपर्यंत जायची गरज निम्म्याने कमी होईल.

मग करायचे काय?

पालकांना आमचे सांगणे असे. शाळेची पाटी पाहू नका, मूल पाहा. तिसरीतल्या मुलाच्या हातात पुस्तक द्या आणि एक पान वाचून घ्या. वाचता येत असेल आणि शाळेत दोन शिक्षक नियमित येत असतील तर चौथी-पाचवीपर्यंत जवळच्या शाळेतून मूल काढण्याची घाई करू नका. वाचलेले पैसे मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवा. चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा, सहावीसाठी नवोदयची परीक्षा, आठवीची वर सांगितलेली परीक्षा, या तीन तारखा घरात कॅलेंडरवर लिहून ठेवा. नवोदय दूर आहे, पण फुकट आहे, राहण्या-जेवणासकट. दूरची शाळा हवीच असेल तर आधी ती घ्या जी सरकारने तुमच्यासाठी ठेवली आहे. २५ टक्क्यांसाठी पात्र असाल तर अर्ज जरूर भरा. अनुसूचित जाती-जमातीच्या पालकांना उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला मात्र तयार ठेवा. अर्ज भरताना नववीत काय करणार याचा विचार आजच करा. आणि मूल वाचू शकत नसेल, शिक्षक येत नसेल, तर नशिबाला दोष देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत जा!

ही समिती म्हणजे शोभेची वस्तू नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. ज्या शाळेत मुले आमची, त्या शाळेच्या समितीवर सह्या कोणाच्या? बहुतेक गावांत समिती कागदावर असते आणि तिच्यावर अशांची नावे असतात ज्यांना शाळेचे दार कोणत्या दिशेला आहे तेही ठाऊक नसते. आपल्या आया-बहिणींनी या जागा मागून घ्याव्यात. दरमहा बैठक, हजेरीची वही, शिक्षकांच्या रिक्त पदांचा ठराव, आणि त्या ठरावाची पोच पंचायत समितीकडून. एवढे नियमाने केले तरी पुष्कळ हलेल. निळा झेंडा घेऊन तहसीलवर जाण्याची सवय आपल्याला आहे; एक दिवस हजेरीची वही घेऊनही जाऊया.

आणि शेवटचे बोलणे आपल्याच नोकरदार वर्गाशी. बँकेत, कारखान्यात, कोर्टात, शाळा-कॉलेजात नोकरीला लागलेले आमचे बांधव बारामतीत, पुण्यात घर करतात आणि मुले इंग्रजी शाळेत घालतात. घाला, तुमच्या मुलांचे भले होवो! पण ज्या शाळेच्या फळ्यावर तुम्ही पहिले अक्षर गिरवले ती शाळा तुमच्या वस्तीत अजून आहे. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दलची खंत भर सभेत बोलून दाखवली होती, ती याच कारणासाठी. तुमच्या देणगीची पाटी शाळेच्या भिंतीवर नको. तुमचे शिक्षण हवे आहे. माहितीच्या अधिकारात एक अर्ज लिहून द्या, रविवारी दोन तास इंग्रजी शिकवा, समितीतल्या अडाणी बाईच्या शेजारी बसून तिला ठराव वाचून दाखवा.

जवळची स्वस्त शाळा की दूरची महाग शाळा, हा प्रश्न आम्हाला विचारणाऱ्या राज्यकर्त्यांना आमचे उत्तर एकच आहे. आम्हाला जवळची चांगली शाळा हवी! ती मागणे म्हणजे भीक नाही. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने घातलेल्या कलम २१-क प्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा तो मूलभूत हक्क आहे. ज्याला दूर जायचे आहे त्याने खुशाल जावे, पण गावात शाळा उरली नाही म्हणून कोणाला जावे लागू नये. येत्या जूनमध्ये पिवळ्या बसच्या मागे धावण्याआधी प्रत्येक वस्तीने आपल्या शाळेचे दार एकदा उघडून पाहावे. आत किती शिक्षक आहेत ते मोजावे. कमी भरले तर तिथेच बसून पहिला ठराव लिहावा.

जयभीम!